दुरुस्ती करूनही परत येणारी घरघर, आणि कानाला व त्वचेला खुपणाऱ्या आणखी काही गोष्टी

नागपुरात मार्च संपता संपता खिडक्यांवर कूलर चढतात आणि जूनमध्ये पाऊस येईपर्यंत घराघरांत एक अखंड घोंगावणे सुरू राहते, ज्याची सवय इतकी झालेली असते की वीज गेल्यावरच ते थांबल्याचे कळते. मानेवाड्यातील आमच्या घरात मात्र सलग तीन उन्हाळे या घोंगावण्यात आणखी एक आवाज मिसळत होता. तो एकसारखा नव्हता. चढे, ओसरे, पुन्हा चढे, आणि हा हेलकावा साधारण सेकंदाला एक या गतीने रात्री साडेदहापासून पहाटेपर्यंत चाले. दिवसा तो कधीच येत नसे. घरातील इतर मंडळींना तो ऐकू येई, पण खुपत नसे. मला मात्र झोप लागणे अशक्य होई, आणि "तुम्ही लक्ष देता म्हणून ऐकू येतो" हे वाक्य त्या काळात इतक्या वेळा कानावर पडले की आवाजापेक्षा त्याचाच त्रास अधिक झाला.

तीन वर्षांत कारागीर पाच वेळा येऊन गेला. बेअरिंग बदलले, कपॅसिटर बदलला, पाते काढून घासले, शेवटी मोटरच नवी बसवली. प्रत्येक दुरुस्तीनंतर चार-सहा दिवस बरे जात आणि आवाज परत येई. "मोटर तं नवीच आहे काकाजी, आवाज तं थोडा येईनच ना," असे म्हणून त्याने अखेरीस हात टेकले, आणि त्याचे चुकलेही नव्हते, कारण आमच्या कूलरमध्ये खरोखरच काही बिघाड उरला नव्हता.

उलगडा झाला तो शेजारचे कुटुंब लग्नासाठी अमरावतीला गेले तेव्हा. ते चार दिवस आमचा कूलर नेहमीसारखाच चालू होता, पण हेलकावा नव्हता. ते परतले त्या रात्री साडेदहाला तो पुन्हा सुरू झाला. त्यांच्या आणि आमच्या शयनगृहांच्या खिडक्या दोन इमारतींमधील एकाच अरुंद बोळात उघडतात, आणि त्यांचा त्या खोलीतील कूलर केवळ रात्रीच चालतो. बिघाड कोणत्याच यंत्रात नव्हता. तो दोन यंत्रांच्या मध्ये होता.

यामागचे गणित सोपे आहे. आपल्याकडील वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असते आणि कूलरमधील चार चुंबकीय ध्रुवांच्या मोटरची गती तीवर मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या थोडी खाली राहते. ही गती किती खाली राहील हे विजेचा दाब, बेअरिंगची अवस्था आणि पात्यावरचा भार यांवर ठरते, त्यामुळे एकाच प्रकारचे दोन कूलरही तंतोतंत एका गतीने फिरत नाहीत. एक 1400 फेऱ्या घेत असेल आणि दुसरा 1380, तर तीन पात्यांच्या पंख्यातून पहिल्याचा आवाज सेकंदाला 70 कंपनांचा आणि दुसऱ्याचा 69 कंपनांचा होतो. हे दोन आवाज एकत्र आले की कधी एकमेकांना बळ देतात, कधी एकमेकांना मारतात, आणि सेकंदाला एक असा हेलकावा तयार होतो. तबला किंवा तानपुरा जुळवणाऱ्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही. दोन स्वर जवळ आले पण जुळले नाहीत की जी लहर ऐकू येते, तीच ही. नवे बेअरिंग बसवले की आमच्या पंख्याची गती थोडी बदले, लहर इतकी जलद होई की ती वेगळी ओळखू येत नसे, आणि बेअरिंग रुळले की गती पुन्हा शेजारच्या पंख्याच्या जवळ येऊन लहर परत येई. पाच दुरुस्त्या चार-सहा दिवसच का टिकल्या, याचे उत्तर एवढेच होते.

शेजारच्या काकूंना हे संकोचाने सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही येते ना जी तो आवाज! आम्ही तं दोनदा मोटर उघडून पाहिली." बोळाच्या दोन्ही बाजूंना दोन माणसे एकाच आवाजासाठी तीन वर्षे जागी होती आणि दोघांनीही आपापल्या कूलरला दोष दिला होता. उपाय फुकटाचा निघाला: आमचा कूलर रात्री मधल्या गतीवर ठेवायचा आणि त्यांचा पूर्ण गतीवर. गतींमध्ये पुरेसे अंतर पडले की लहर उरत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते तेव्हा "घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक आपापल्या पीडा तिच्या हवाली करतात, आणि एका वर्षी मीही मनातल्या मनात या आवाजाचे नाव घेतले होते. मात्र पोळ्यापर्यंत कूलर बंद झालेले असतात, त्यामुळे तो उपाय लागू पडला की नाही हे ठरवता आले नाही.

शोध घेण्याची पद्धत

या अनुभवानंतर मी असा कोणताही त्रास शोधताना "आवाज कशातून येतो?" हा प्रश्न दुसरा ठेवतो आणि "आवाज केव्हा येत नाही?" हा पहिला. आठवडाभर वहीत वेळ, खोली, त्या वेळी चालू असलेली यंत्रे आणि शेजारी चालू असलेल्या यंत्रांचा अंदाज लिहून काढला की अर्धे काम होते. ज्याला त्रास होतो त्याचे कान खोटे बोलत आहेत असे गृहीत धरून सुरुवात करू नये. रात्री आवाज सुरू असताना घराचा मुख्य स्विच दोन मिनिटे बंद करावा. आवाज थांबला तर उगम, निदान त्याचा अर्धा भाग, घरात आहे, आणि एकेक एमसीबी (विजेच्या पेटीतील वेगवेगळ्या भागांचे स्विच) चालू करत गेले की तो सापडतो. थांबला नाही तर उगम बाहेर आहे, किंवा आपल्याच कानात आहे. कानातील आवाज ओळखण्याची खूण अशी की तो मोकळ्या मैदानातही आपल्याबरोबर येतो. तसे असेल तर कारागिराकडे न जाता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, आणि तो एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठेक्यावर वाजत असेल तर विलंब करू नये.

मोबाइलमधील ध्वनिमापक अॅपवर येणारा डेसिबलचा आकडा खरा मानू नये, कारण प्रत्येक फोनचा मायक्रोफोन निराळा असतो. परंतु एकाच फोनने एकाच जागी दुरुस्तीच्या आधी आणि नंतर घेतलेल्या दोन आकड्यांची तुलना उपयोगी पडते.

कूलरचे इतर आवाज

कूलरला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. केवळ स्विच बंद करणे पुरेसे नाही. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि नसलेले अर्थिंग यांमुळे माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. तीन पिनांचा प्लग असूनही सॉकेटमध्ये अर्थिंगची तार जोडलेली नसते असे अनेक जुन्या घरांत आढळते, तेव्हा ते एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

कूलर सुरू होताच संपूर्ण खिडकी थरथरत असेल तर दोष बहुधा पात्यात असतो. बोअरवेलच्या पाण्यातील क्षार पात्यावर जमतात, ते तिन्ही पात्यांवर सारखे जमत नाहीत, आणि एक पाते जड झाले की पंख्याचा तोल जातो. ओल्या कापडाने व लाकडी पट्टीने ते खरवडून काढावेत. सुरीने खरवडताना पाते वाकले तर नवा त्रास मागे लागतो. त्याच वेळी पाते मोटरच्या दांड्यावर घट्ट बसवणारा छोटा स्क्रू आवळून घ्यावा, कारण तो ढिला झाला की ठराविक अंतराने टक-टक असा आवाज येतो आणि लोक बेअरिंग बदलत बसतात. खरोखर बेअरिंग गेले असेल तर आवाज खरखरीत असतो आणि कूलर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत ऐकू येत राहतो. विजेशी संबंधित गुणगुण मात्र बटन बंद करताच, पंखा फिरत असतानाच, नाहीशी होते. हा एक फरक ध्यानात ठेवला तरी पुष्कळ पैसे वाचतात.

कमी गतीवर गुणगुणणारा आणि पूर्ण गतीवर गप्प होणारा पंखा हा रेग्युलेटरचा दोष समजावा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लहरीचा काही भाग कापून गती कमी करतो, आणि ती तुटक लहर मोटरच्या पत्र्यांना कंपवते. त्याऐवजी कपॅसिटरवर चालणारा, टप्प्याटप्प्याने गती बदलणारा रेग्युलेटर लावला की गुणगुण जाते. ट्यूबलाइटच्या जुन्या चोकची आणि इन्व्हर्टरची गुणगुण सेकंदाला 100 कंपनांची असते, कारण विजेच्या प्रत्येक आवर्तनात चुंबकीय ओढ दोनदा येते. चोकचा स्क्रू आवळणे किंवा एलईडी लावणे हा त्यावरचा उपाय आहे. पंपाची करकर बहुधा टाकीतील पाणी खाली गेल्याची किंवा पंपात गवताचे तुकडे अडकल्याची खूण असते.

कूलर लोखंडी स्टँडवर असेल आणि स्टँड किंवा कूलरची कड खिडकीच्या चौकटीला टेकलेली असेल, तर चौकट तबल्याच्या पुडीप्रमाणे तो आवाज मोठा करून खोलीत सोडते. आम्ही प्रथम सायकलच्या ट्यूबचे तुकडे घडी करून खाली घातले आणि महिनाभर समाधानात राहिलो, परंतु मेच्या उन्हात ती रबरे सुपारीसारखी कडक झाली आणि कंपने पुन्हा जशीच्या तशी जाऊ लागली. यंत्रांखाली घालायचे जाड रबरी गुटके हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते अधिक टिकतात. तरीही दर वर्षी कूलर चढवताना त्यांत नख रुतते का ते पाहावे. चौकट आणि कूलर यांच्यामधील फट पुठ्ठ्याने नव्हे तर फोमच्या पट्टीने बुजवावी.

कूलरचा कुबट वास हाही याच प्रकरणात येतो. साचलेले पाणी आणि कुजू लागलेले गवत ही त्याची कारणे आहेत, आणि सुगंधी द्रव्य टाकून तो जात नाही. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, आतून घासून, कोरडी होऊ द्यावी. डेंग्यूचा डास अंड्यापासून साधारण आठवडाभरात तयार होतो, म्हणून आरोग्य विभाग पाळायला सांगतो तो कोरडा दिवस नाकासाठीही लाभदायक ठरतो.

अंगावर काटा आणणारे आवाज

ताटावर ओढलेला चमचा, फळ्यावर किंचाळणारा खडू, फरशीवर सरकवलेली खुर्ची, स्टीलच्या डब्यात स्टीलचाच डबा बसवताना होणारी करकर: या सर्वांत घडते ते एकच. एक पृष्ठभाग दुसऱ्यावर सलग सरकत नाही. तो क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडते. या आवाजातील सर्वांत बोचणारा भाग सेकंदाला 2000 ते 5000 कंपनांच्या पट्ट्यात असतो, आणि माणसाचा कान नेमका याच पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण आहे, कारण सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची कानाची नळी त्या कंपनांना स्वतःच बळ देते. म्हणजे या आवाजांनी शहारणारा माणूस नाजूक नसतो. त्याचा कान ठीक काम करत असतो.

उपायही त्याच कारणातून निघतात. खडू मोडून अर्धा केला आणि फळ्याशी अधिक तिरपा धरला की तो किंचाळत नाही. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या चिकटवाव्यात, मात्र चिकटवण्यापूर्वी पाय स्पिरिटने पुसावेत, नाहीतर त्या पंधरा दिवसांत निघून सोफ्याखाली सापडतात. बिजागरीत खोबरेल तेल घालण्याची पद्धत घरोघरी आहे; ते काही महिन्यांत धूळ धरून घट्ट होते आणि दार पूर्वीपेक्षा अधिक कुरकुरते. शिवणयंत्राचे तेल घालावे. कढईत लाकडी पळी वापरावी. रात्री ठिबकणाऱ्या नळाचा वॉशर सकाळी बदलावा, आणि तोवर नळाच्या तोंडाला सुतळी बांधून तिचे टोक बादलीत सोडावे, म्हणजे पाणी आवाज न करता सुतळीवरून उतरते.

वरातीच्या आणि मंडपाच्या ध्वनिवर्धकांवर सुतळीचा उपाय नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, व रात्र म्हणजे दहा ते सहा. तक्रार 112 या क्रमांकावर करता येते.

खरखरीत टॉवेल आणि टोचणारी लेबले

त्वचेच्या तक्रारी कानाच्या तक्रारींपेक्षाही अधिक थट्टेचा विषय होतात. आमच्या मुलीने लहानपणी एकही नवा फ्रॉक तासाभराहून अधिक अंगावर ठेवला नाही, आणि तो हट्ट नसून मानेजवळचे लेबल आहे हे कळायला आम्हाला फार उशीर झाला. कळल्यावर आम्ही ते कात्रीने कापले आणि त्रास दुप्पट केला. नायलॉनच्या लेबलाची कापलेली कड आणि शिवणीत उरलेला आखूड तुकडा मूळ लेबलापेक्षा जास्त टोचतो. शिवण उसवून लेबल मुळासकट काढावे आणि उसवलेला भाग साध्या सुती दोऱ्याने पुन्हा टाचावा. मुलांची बनियन उलटी घालणे हाही एक उत्तम उपाय आहे, आणि तिच्यावरून शर्ट घातल्यास कोणाला दिसतही नाही.

टॉवेल खरखरीत होण्यामागे आमच्याकडे बोअरवेलचे पाणी होते. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात, आणि तो धाग्यांत अडकून राहतो. साबण वाढवला की साकाही वाढतो. साबण कमी करावा आणि शेवटच्या खळबळण्याच्या बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर किंवा चमचाभर लिंबूसत्त्व घालावे. दुसरे कारण आपले ऊन आहे. वारा न लागणाऱ्या गच्चीवर मेच्या उन्हात दुपारभर ठेवलेला टॉवेल पापडासारखा होतो, कारण स्थिर हवेत वाळताना सुताचे तंतू एकमेकांना चिकटून राहतात. वाळत घालण्यापूर्वी आणि काढल्यानंतर तो जोरात झटकावा, आणि किंचित दमट असतानाच खाली आणावा.

उन्हाळ्याच्या दुपारी नागपूरची हवा अनेकदा 20 टक्क्यांहूनही कमी आर्द्रतेची असते, तेव्हा पॉलिस्टरचे कपडे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मोटारीचे दार यांपासून बसणारे बारीक चटके हे हवेच्या कोरडेपणाचे फळ आहे. मोटारीतून उतरताना पाय जमिनीवर टेकण्यापूर्वीच दाराच्या धातूला हात लावून ठेवावा आणि उतरेपर्यंत तो काढू नये.

जेवणाच्या ताटावरील आवाज

सर्वांत अवघड प्रकरण यंत्रांचे नसून माणसांचे आहे. कोणाचे मचमच करून खाणे, चहाचे भुरके, नाक ओढणे, पेनाचे बटन वाजवणे यांनी काही माणसांना कंटाळा नव्हे, तर संताप येतो, छाती धडधडते आणि उठून जावेसे वाटते. या अवस्थेला मिसोफोनिया हे नाव 2001 साली मार्गारेट आणि पावेल यास्त्रेबॉफ या संशोधक दांपत्याने दिले. तीत आवाजाच्या मोठेपणाला महत्त्व नसते, तो कोणता आणि कोणाचा आहे याला असते. म्हणूनच परक्याच्या भुरक्यांनी काही न होणारा माणूस स्वतःच्या भावाच्या भुरक्यांनी बेजार होतो, आणि घरच्यांना ते मुद्दाम केल्यासारखे वाटते.

येथे आवाजाचा उगम दुरुस्त करण्याचा मार्ग मर्यादित असतो, कारण "नीट जेव" असे सांगितलेला माणूस दोन घास नीट जेवतो आणि मग आपल्या मूळ रीतीवर येतो. कानात बोळे घालून बसणे हा सोपा वाटणारा उपाय रोजचा करू नये, कारण सततच्या शांततेने कान आणखी हळवा होतो. पार्श्वभूमीला मंद, एकसारखा आवाज ठेवणे अधिक हितकारक ठरते: पंखा, रेडिओ किंवा दुसरे काहीही, फक्त चालू नळ नको. समोरासमोर बसण्याऐवजी शेजारी बसल्यास तोंड हलताना दिसत नाही आणि त्रास निम्म्यावर येतो, असा आमचा अनुभव आहे. त्रासामुळे माणूस एकटा जेवू लागला, किंवा मूल शाळेत डबा खाईनासे झाले, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) यांचा सल्ला घ्यावा. विचार व वर्तनावर काम करणाऱ्या उपचारांचा अनेकांना लाभ होतो. लहान मुलाला आवाजांबरोबरच कपडे, अन्नाचा पोत आणि स्पर्श यांचाही त्रास होत असेल तर बालरोगतज्ज्ञांमार्फत ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जावे.

आमच्या घरात वडिलांचे वरण ओरपणे आणि माझ्या धाकट्या भावाचे कान यांचा तंटा पंख्याच्या आवाजावर मिटला. वडिलांना सांगून पाहिले नाही, कारण 80 वर्षे ज्या रीतीने वरण-भात खाल्ला ती रीत भावाच्या कानासाठी बदलणे योग्य नव्हते, आणि भावालाही ते मान्य होते. तेव्हापासून आमच्याकडे डिसेंबरातही जेवताना पंखा चारवर असतो, आणि पाहुणे पहिल्या घासापूर्वी शाल मागून घेतात.